कपाटातल्या डिस्क, फायली आणि कुलपं

प्रश्न सुरुवातीला अगदी छोटा होता: डिस्क लावायचा नवा प्लेअर घ्यायचा का? जुन्याचा ट्रे बाहेर येईना. बटण दाबलं की आत मोटर गुरगुरायची आणि ट्रे ढिम्म. आत एक बारीक रबरी पट्टा असतो, तो वर्षानुवर्षं ताणलेला राहून सैल पडतो आणि कप्पीवर नुसता घसरत राहतो, एवढंच ते दुखणं. पट्टा बदलल्यावर ट्रे पुन्हा धावू लागला. पण तोवर दादाने विचारून टाकलं होतं, "अगं, डिस्क लावतंय कोण आता? काढून टाक ना सगळ्या, कपाट तरी मोकळं होईल." आईचं म्हणणं याच्या बरोब्बर उलट. तिला सिनेमा बघायचा असला की ती डबा काढते, डिस्क लावते आणि बघत बसते. टीव्हीच्या पडद्यावर रिमोटने एकेक अक्षर टिपत नाव शोधायचं म्हणजे तिला शिक्षा वाटते. दोघांचंही खरं होतं, आणि निकाल लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात असल्या गोष्टींत नाक खुपसायची खोड मलाच आहे.

आधी मी यंत्रांचं काय चाललंय ते पाहिलं, कारण यंत्रच नसेल तर डिस्क म्हणजे चकचकीत झाकण. चित्र फारसं आशेचं नव्हतं. ओप्पोने २०१८ मध्ये ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कचे, प्लेअर बनवणं थांबवलं, त्यांचे प्लेअर हौशी लोकांत फार नावाजलेले होते. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवी मॉडेल्स आणायचं सोडलं आणि २०२४ च्या शेवटाला एलजीही बाहेर पडली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. व्हिडिओ कॅसेटच्या प्लेअरची कथा तर कधीच संपली. जपानची फुनाई ही तो बनवणारी शेवटची कंपनी, तिने जुलै २०१६ मध्ये हात टेकले. दुसरीकडे अमेरिकेत २०२२ साली ग्रामोफोनच्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे मेलेलं माध्यम उठून बसतंही, फक्त त्याची यंत्रं कुणीतरी बनवत राहावी लागतात. तबकडीचा प्लेअर छोटा कारखानाही बनवू शकतो. ब्लू-रे प्लेअरला लेसर हवा, खास चिप हवी आणि डिस्कची नक्कल होऊ नये म्हणून तिला घातलेली डिजिटल कुलपं उघडायच्या किल्ल्यांचा परवाना हवा. ते घरगुती कारखान्याचं काम नाही. म्हणून डिस्क फाटकन संपणार नाहीत, पण चांगले प्लेअर मिळणं हळूहळू अवघड होत जाणार, असा माझा अंदाज झाला आणि तो अजून बदललेला नाही.

मग कपाटातला माल बाहेर काढला. ऑडिओ कॅसेट, व्हिडिओ कॅसेट, सीडी, डीव्हीडी, थोड्या ब्लू-रे, घरीच भरलेल्या बिननावाच्या डिस्क, आणि एका कोपऱ्यात कधी काळी 'सगळं यात टाकलंय' असं म्हणून ठेवलेली हार्ड डिस्क. याशिवाय डोळ्यांना न दिसणारं सामान वेगळंच: दोन-तीन सबस्क्रिप्शनं, आणि एका ऑनलाइन दुकानातून 'कायमचे' विकत घेतलेले काही सिनेमे. सगळ्याची यादी एका शीटमध्ये केली. पहिला रकाना नावाचा, दुसरा 'दुसरीकडे मिळतं का' असा.

हा दुसरा रकाना भरता भरता बऱ्याच गोष्टी उलगडल्या. दादाचा सगळा युक्तिवाद 'सगळं ऑनलाइन असतं' या एका वाक्यावर उभा होता. शोधायला बसल्यावर दिसलं की नवं आणि गाजलेलं बहुतेक असतं, मधल्या काळातलं कमी सापडतं आणि जुनं नशिबावर. त्यातही नाव सापडलं म्हणजे वस्तू सापडली असं नाही. एका जुन्या मालिकेची डिस्कवरची चौकट जवळजवळ चौकोनी होती. ऑनलाइन प्रतीत तीच रुंद टीव्हीत बसवायला वरून-खालून कापली होती, आणि माणसांची कपाळं पडद्याबाहेर गेली होती. मालिकांमध्ये पार्श्वभूमीला वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क पुष्कळदा ठरावीक काळापुरते आणि ठरावीक वापरापुरते घेतलेले असतात, त्यामुळे पुढे वेगळ्याच प्रकारे प्रदर्शन करताना ती गाणी बदलावी लागतात. असा बदल झाला आहे हे पडद्यावर कुणी लिहीत नाही. दिग्दर्शकाचं सिनेमाभर चालणारं भाष्य, काढून टाकलेले प्रसंग, पडद्यामागचं 'असं चित्रित झालं' वगैरे, हे डिस्कसोबत आलेलं बहुतेक सगळं ऑनलाइन गायब. याला उलटी बाजूही आहे. काही मालिका डिस्कवर निघाल्याच नाहीत, त्या फक्त ऑनलाइनच आहेत, आणि त्यांचं पुढे काय होणार हे मालकालाच ठाऊक.

यादी पुरी व्हायच्या आतच आधी 'मिळतं' म्हणून खूण केलेली काही नावं त्या सेवेवरून उडाली. हक्कांचा करार संपला की असंच होतं. यात कुणाची लबाडी नाही, व्यवहारच तसा आहे. पण त्यामुळे तो रकाना पेन्सिलने भरण्याच्याच लायकीचा ठरला.

चित्राच्या दर्जाचा वाद आमच्या घरी सर्वांत जास्त रंगला, आणि तो मिटवायला एकच रस्ता होता: एकच सिनेमा दोन्हीकडून लावून बघणं. दादा, मी आणि भाचा, तिघं बसलो. डीव्हीडी विरुद्ध ऑनलाइन एचडी हा सामना एकतर्फी झाला आणि त्यात डीव्हीडी हरली. डीव्हीडीचं चित्र फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, तेही १९९० च्या दशकातल्या एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं, म्हणजे जागा वाचवायला आवळलेलं. मोठ्या पडद्यावर ताणलं की चेहरे मेणाचे वाटायला लागतात. दादाची छाती फुगली. मग ब्लू-रे लावली. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती जाऊ शकते, आणि ४के डिस्कवर एकूण १२८ पर्यंत. ऑनलाइन ४के साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं. नव्या पद्धतीने दाबल्यामुळे कमी मेगाबिटमध्येही पुष्कळ बसतं, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून फरक तेवढ्याच पटीचा आहे असं म्हणता येत नाही. फरक दिसतो तो ठरावीक जागी. धुकं, धूर, पाण्यावरच्या लाटा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे अंधार. रात्रीच्या एका प्रसंगात आकाश डिस्कवर एकसंध काळंनिळं उतरत गेलं. ऑनलाइन प्रतीत त्याच आकाशाचे पट्टे पडले होते, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे. भाच्याने ते पडद्याला नाक लावून दाखवलं. मग सोफ्यावर मागे जाऊन बसल्यावर त्यालाच ते दिसेनात. आमचा टीव्ही मध्यम आकाराचा आहे आणि सोफा लांब आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर रोजच्या बघण्यात चित्रासाठी डिस्क हवीच असं मला म्हणता आलं नाही. आवाजाचा फरक मात्र मला लांबूनही कळला. ब्लू-रेवरचा आवाज बहुधा काहीही न गाळता साठवलेला असतो, ऑनलाइनचा दाबलेला. कुजबुजते संवाद आणि लगेच मोठा धमाका, असल्या जागी डिस्क मोकळी वाटते.

म्हणजे दर्जावर निर्णय होईना. कपाटातल्या जागेवर करावा तर सगळंच फेकून द्यावं लागलं असतं. गाडी अडली ती इथे, आणि ती पुढे सरकली एका भलत्याच कामामुळे: त्या ऑनलाइन दुकानाच्या अटी मी पहिल्यांदा मुळापासून वाचल्या.

वाचायला कंटाळवाण्या असतात, पण सार दोन-चार ओळींत येतं. आपण सिनेमा घेत नाही, तो बघण्याचा परवाना घेतो. परवाना खात्याला चिकटलेला असतो, खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि दुकानाचे हक्क गेले तर आपल्या यादीतला सिनेमाही जाऊ शकतो. आमच्या 'कायमच्या' सिनेम्यांपैकी एकाचं पोस्टर यादीत दिसत होतं. दाबलं की 'सध्या उपलब्ध नाही'. विचारणा केली तर अटींतलं तेच कलम नम्र शब्दांत परत आलं.

हे काही आमच्यापुरतं नाही. अनेक स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाचं एक सामाईक डिजिटल कपाट काढलं होतं; डिस्क घ्या, आतल्या कोडवरून तोच सिनेमा ऑनलाइनही ठेवा, अशी कल्पना. ३१ जुलै २०१९ ला ते बंद झालं. ज्यांनी आपलं खातं आधीच एखाद्या दुकानाला जोडून ठेवलं होतं, त्यांचा बहुतेक माल तिथे टिकला. बाकीच्यांना धावपळ करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस काढून टाकले जातील. आरडाओरडा झाला, नवा करार झाला आणि कार्यक्रम राहिले. तो करारही किमान ३० महिन्यांचा, म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूला मुदत आहेच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला: परवाना विकत असाल तर विकतानाच तसं स्पष्ट सांगा. माल कायमचा आपल्या हातात देत असाल, म्हणजे तो उतरवून घेऊन नेटशिवाय वापरता येत असेल, तर त्यातून सूट.

त्या सूट देणाऱ्या कलमाने माझं डोकं साफ केलं. आम्ही घरात भांडत होतो ते 'हाताला लागणारं' आणि 'हाताला न लागणारं' यावर. कायदा लिहिणाऱ्यांनी रेघ दुसरीकडेच ओढली होती. मी शीटमध्ये तिसरा रकाना वाढवला: नेट बंद, खातं बंद, कंपनी बंद, तरी चालेल का? त्या रकान्यात डीव्हीडीसमोर हो आलं, सीडीसमोर हो आलं, आणि कुलूप नसलेल्या साध्या ऑडिओ फाइलसमोरही हो आलं. ऑनलाइन घेतलेल्या सिनेम्यासमोर नाही. सबस्क्रिप्शनमध्ये 'डाउनलोड' करून ठेवलेल्या भागांसमोरही नाही, कारण ते ठरावीक दिवसांनी आपोआप मिटतात आणि अॅपबाहेर उघडतच नाहीत.

आणि भाच्याच्या काही गेमसमोरही नाही आलं, डबा हातात असूनसुद्धा. त्याला हे पटवणं सोपं गेलं कारण २०२५ च्या निन्टेंडो स्विच-२ या गेम खेळायच्या यंत्रासोबत 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आला आहे: कार्ड खरंखुरं, खाचेत बसतं, पण आत गेम नाही. गेम नेटवरून उतरवायचा, कार्ड फक्त किल्ली. ते कार्ड दुसऱ्याला देता येतं एवढं त्याचं पुण्य, पण उतरवून देणारं दुकान मिटलं तर नव्या यंत्रावर तो गेम यायचा नाही. निन्टेंडोनेच मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी-यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं नव्या खरेदीसाठी बंद केली होती. भाचा आता डब्याच्या कडेची बारीक अक्षरं आधी वाचतो.

कामाचा क्रम यानंतर आपसूक लागला. जे आमच्याशिवाय जगात कुणाकडेच नाही ते सर्वांत आधी. म्हणजे घरच्या कॅसेट आणि घरी भरलेल्या डिस्क.

भरलेल्या डिस्कांनी घाम काढला. छापील डिस्कवर खड्डे साच्यात दाबून उठवलेले असतात. घरी भरलेल्या डिस्कवर रंगद्रव्याच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात, आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, नुसत्या काळानेही उतरतो. सीडीची एक गंमत अशी की आपण जपतो ती चकचकीत खालची बाजू, तिथे प्लास्टिक मिलिमीटरभर जाड आहे. माहितीचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो आणि त्यावर वॉर्निशसारखा पातळ पापुद्रा एवढंच संरक्षण. वरून बॉलपेनने दाबून नाव लिहिलेल्या डिस्क मी दिव्यासमोर धरल्या तेव्हा अक्षरांच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं लुकलुकत होती. डीव्हीडीत थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध चिकटवलेला असतो, म्हणून ती वरून तरी सुरक्षित. तिचा धोका कडेने, डिंक सुटण्याचा.

एका डिस्कवर आजोबांच्या पंच्याहत्तरीचं चित्रण होतं. ड्राइव्हमध्ये घातली की ती वेग घ्यायची, मंदावायची, पुन्हा घ्यायची, आणि शेवटी संगणक म्हणायचा डिस्क नाही. साधी कॉपी करण्याचा नाद सोडून मी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरला. त्याची रीत शहाणपणाची आहे. आधी तो विनातक्रार वाचता येईल तेवढं सगळं उचलून घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो, आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतो. टिपण वेगळ्या फाइलीत असतं, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेलं काम पुढे चालू ठेवता येतं. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हने बाहेरच्या कडेजवळचा पट्टा वाचायला साफ नकार दिला होता. एका जुन्या डेस्कटॉपमधल्या जाडजूड ड्राइव्हने त्यातलं बहुतेक वाचून काढलं. दोन ड्राइव्हचे लेसर आणि त्यांची नेमकी जुळणी सारखी नसते, म्हणून एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. डीव्हीडीवरचा सगळ्यात छोटा तुकडा २०४८ बाइटचा. शेवटी असे मूठभर तुकडे गेले ते गेलेच. चित्रणात त्या जागी अर्धा-पाऊण सेकंद चौकोन उडतात आणि मग आजोबा हार सावरताना पुन्हा नीट दिसतात. आईने ते चौकोन पाहिलेच नाहीत.

व्हिडिओ कॅसेटला वेळ लागतो, आणि त्यात काही युक्ती चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. प्लेअर ओळखीच्यांकडून मागून आणला. कॅसेट घालायच्या आधी दोन गोष्टी पाहायच्या. एक, मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी टिकली मोडलेली आहे ना, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन आहे ते पुसलं जायचं. दुसरं, खिडकीतून दिसणाऱ्या रिळावर पांढरी तंतुमय बुरशी आहे का. बुरशीची कॅसेट तशीच लावली तर बुरशी प्लेअरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. एक तशी निघाली. ती बाजूला ठेवली आणि नंतर जाणत्या माणसाकडून साफ करून घेतली.

संगणकाला जोडायच्या स्वस्त यूएसबी डबीने सुरुवातीला वैताग आणला. चित्राच्या उभ्या रेषा हवेत हलणाऱ्या दोरीसारख्या लवलवत आणि तासाभरात ओठ आणि आवाज यांची फारकत होई. कॅसेटचा सिग्नल मुळातच डळमळीत असतो. जुना टीव्ही ते चालवून घ्यायचा, डिजिटल यंत्रं घेत नाहीत. यावर उपाय म्हणजे मध्ये सिग्नल सरळ करणारं काहीतरी बसवणं. त्यासाठी खास यंत्रं येतात, पण काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे पाठवला तरी ओळी रांगेत येतात, आणि असा एक रेकॉर्डर दादाच्याच माळ्यावर निघाला. 'काढून टाक सगळं' म्हणणाऱ्याच्या माळ्यावर! त्यानंतर चित्र गुमान उभं राहिलं. मूळ प्रत शक्य तेवढी कमी दाबून साठवली, कारण नंतर कोणती सुधारणा करायची तर त्यावरूनच करता येते. बघण्यासाठी वेगळी छोटी प्रत काढली. कॅसेट फेकल्या नाहीत. पुढेमागे कुणाकडे याहून चांगलं यंत्र असलं तर पुन्हा उतरवता येतील.

सीडींचं काम याउलट हातासरशी झालं. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा तिला कुलूपच नव्हतं, आणि नंतर काही कंपन्यांनी लावून पाहिलेली कुलपं टिकली नाहीत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने एकेक डिस्क वाचून फ्लॅक फायली केल्या. फ्लॅकमध्ये काहीही गाळलं जात नाही, तरी जागा साधारण अर्ध्याच्या आसपास लागते. सर्वांत आवडलेली सोय म्हणजे वाचून झालं की प्रोग्रॅम आपला निकाल जगभरातल्या इतरांनी त्याच डिस्कच्या काढलेल्या प्रतींशी ताडून पाहतो; जुळलं तर खात्री. नावांनी मात्र कंटाळा आणला. नेटवरून आपोआप येणारी आपल्या भाषेतल्या गाण्यांची नावं रोमन लिपीत आणि दर डिस्कला वेगळ्या स्पेलिंगची. ती देवनागरीत टंकत बसले. संध्याकाळी गाणी ऐकता ऐकता केलं म्हणून पार पडलं.

एक फायदा नंतर लक्षात आला. सबस्क्रिप्शनवरचे पुष्कळ जुने अल्बम हे नव्याने 'झळाळी' दिलेले असतात, आणि झळाळी म्हणजे बऱ्याचदा सगळंच मोठ्याने. तबल्याची थाप आणि तिच्यामागची शांतता यांतलं अंतर त्यात चेपून जातं. जुनी सीडी हळू वाजते, आवाज वाढवावा लागतो, आणि मग थाप थापेसारखी ऐकू येते. मूळ प्रत ऐकायची तर पुष्कळदा सीडीशिवाय मार्ग नाही.

विकतच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या फायली कराव्यात का, यावर मी बराच विचार केला. त्यांना कुलूप असतं आणि ते तोडणं, स्वतःच्या वापरासाठी का होईना, अनेक देशांत कायद्याबाहेर जातं. मी त्या वाटेला गेले नाही. त्यामुळे हिशेब असा झाला की सीडी फाइल होऊन खोक्यात गेली, आणि डीव्हीडी डिस्क म्हणूनच राहिली. डिस्क राहिली म्हणजे प्लेअरही हवा. जो प्लेअर पट्टा बदलून दुरुस्त केला तो डीव्हीडीसाठी ठेवला, आणि एक चांगला ब्लू-रे प्लेअर घेतला, जो डीव्हीडी आणि सीडीही चालवतो. घेताना रीजन तपासला. दुसऱ्या भूभागासाठी छापलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालेलच असं नाही.

मात्र सगळ्या डिस्क ठेवल्या नाहीत. मी स्वतःला एकच विचारलं: ही पुन्हा लावावीशी वाटेल का? निम्म्याहून जास्तींचं उत्तर नाही आलं. एकदा पाहिलेले रहस्यपट, सवलतीत मिळाले म्हणून उचललेले संच, कुणी दिलेलं काहीबाही. ते वाचनालयाला आणि ओळखीपाळखीत वाटून टाकलं. ऑनलाइन घेतलेला सिनेमा असा कुणाला देता आला नसता, हे देताना जाणवलंच. राहिलेल्यांतल्या निम्म्यांचे प्लास्टिकचे डबे काढून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घातल्या, मुखपृष्ठासकट. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळावीत, ती कालांतराने चिकट होऊन डिस्कला धरतात. आईच्या हाताशी असणाऱ्या डिस्क डब्यांतच ठेवल्या. तिला कण्यावरचं नाव वाचून काढायची सवय आहे.

फायलींना घर देणं हा स्वतंत्र उद्योग निघाला. जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं, म्हणजे आपल्याच फायली घरातल्या टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, कुठल्या कंपनीचं खातं मागत नाही, आणि टीव्हीवर पोस्टरांची भिंत दाखवतं, त्यामुळे भाच्याला ते 'खरं' वाटतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम पाळला: एक प्रत लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर, दुसरी कपाटात बंद, घरच्या चित्रणाची तिसरी दादाकडे. कोपऱ्यातली ती 'सगळं यात टाकलंय'वाली हार्ड डिस्क लावली तेव्हा टक् टक् आवाज करून गप्प झाली. तिच्यातलं सुदैवाने जवळपास सगळं मूळ डिस्कांवर होतंच. फाइल ही देखील शेवटी कुठल्यातरी वस्तूवरच असते, आणि ती वस्तू डिस्कपेक्षा लवकर मरू शकते, हे ज्यांना डिजिटल म्हणजे अमर वाटतं त्यांना सांगावंसं वाटतं. छापील डिस्क कपाटात पडून राहिली तरी चालते. फायलींकडे अधूनमधून बघावंच लागतं.

सबस्क्रिप्शनं बंद केली नाहीत, पण सगळी एकदम ठेवणं सोडलं. एक चालू, बाकी बंद, काही महिन्यांनी अदलाबदल. एकदाच बघायचं ते तिथेच बघतो, आणि त्यासाठी ती सोय खरोखर उत्तम आहे. दादाचं त्यात काही चुकत नव्हतं. ऑनलाइन 'विकत घ्या' मात्र आता दाबत नाही. बघायचाच असेल तर भाड्याने, ठेवायचा असेल तर डिस्क, आणि गाणी असतील तर कुलूप नसलेली फाइल मिळते का ते आधी पाहते. थेट कलाकाराकडून मिळाली तर उत्तमच.

ऑडिओ कॅसेट अजून राहिल्या आहेत. डेकची मोटर जरा जलद फिरते, त्यामुळे गाणं अर्ध्या सुराने चढतं. ते आतल्या बारीक स्क्रूने जुळवता येतं. हेडचा कोन हे जास्त नाजूक प्रकरण. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, म्हणून प्रत्येकीसाठी हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवत, टाळ आणि 'स'चे उच्चार सर्वांत स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबायचं. तो स्क्रू सापडला आहे. त्याच्यावर कारखान्यातला लाल रंग अजून सुकून बसलेला आहे, तो आधी खरवडावा लागेल.